घोडे तीनशे, पाय चारच

मैत्रिणींनो,

आपल्या या पानावर जावयांविषयीची पत्रं काही कमी येत नाहीत. मानपान, रुसवे, अबोला, सगळं येतं. पण टायरवरून घरात धुसफूस झाल्याचं पत्र पहिल्यांदाच आलं! सांगलीच्या एक भगिनी लिहितात:

"माझी मुलगी आणि जावई जर्मनीत म्युनिकला असतात. मुलीचे जानेवारीत दिवस भरतात. पहिलंच बाळंतपण, म्हणून मी डिसेंबरात जाणार आहे. जावयांनी उन्हाळ्यात तीनशे अश्वशक्तीची गाडी घेतली. दिसायला देखणी, जमिनीला अगदी टेकलेली. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, असं ते सांगतात. मुलगी म्हणते, हिच्यासाठी हिवाळी टायर घेऊ. जावई म्हणतात, बर्फ पडेल त्या दिवशी गाडी काढायचीच नाही, मग चार-आठ दिवसांसाठी टायरचा दुसरा संच कशाला? शिवाय गाडीत सगळी यंत्रणा आहे, ती आपोआप सांभाळते. जावई गुणी आहेत, गाडी जपून चालवतात. मी मध्ये पडावं का? आणि पडले तर बोलू काय? मला साधी सायकलही येत नाही."

भगिनी, मध्ये पडा. पण पडण्यापूर्वी विषय समजून घ्या. "मला बाई भीती वाटते" एवढंच म्हणालात, तर जावई हसून "आई, तुम्ही निश्चिंत राहा" म्हणतील आणि तिथेच विषय संपेल. चार गोष्टी माहिती असल्या की बोलण्याला वजन येतं. त्यासाठी सायकल यायला हवी असं मुळीच नाही.

जमिनीला टेकतं ते किती?

गाडी लाखाची असो की कोटीची, रस्त्याला तिचे फक्त चार टायर टेकतात. त्यातही एकेका टायरचा रस्त्याला लागणारा भाग जेमतेम पोस्टकार्डाएवढा. गाडीचं सुटणं, वळणं, थांबणं, सगळा कारभार या चार पोस्टकार्डांवर. इंजिनात घोडे तीनशे असले तरी पाय चारच आहेत, आणि ते घसरले तर घोडे काय कामाचे? आपल्याकडे पावसाळ्यात अंगण शेवाळलं की पैलवान माणूससुद्धा पावलं मोजत चालतो. तिथे दंडातली ताकद उपयोगी पडत नाही, पायातली चप्पल उपयोगी पडते.

आता या चपलेचं रबर बघा. वेगवान गाड्यांना कारखान्यातून येतात ते बहुधा उन्हाळी टायर. रुंद, चपटे, गरम कोरड्या रस्त्याला घट्ट धरणारे. पण रबराचं वागणं साजूक तुपासारखं आहे. उन्हाळ्यात मऊ, थंडीत बरणीत दगड. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायर कडक होऊ लागतो आणि त्याची पकड कमी होते. कडाक्याच्या थंडीत काही वेगवान टायरांच्या रबराला तडे जाऊ शकतात, असा इशारा टायर बनवणाऱ्या कंपन्याच देतात. म्हणजे बर्फ नसला तरी नुसत्या गारठ्यातसुद्धा तो टायर मनासारखं काम देत नाही. आणि म्युनिकचा जानेवारी म्हणजे पारा शून्याच्या आसपासच घुटमळणारा.

हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते थंडीतही लवचीक राहतं. त्याच्या खाचा खोल असतात आणि प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. गाडी चालताना या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा किसणीच्या दातांसारख्या बर्फाला धरतात. खोल खाचांत बर्फ दाबून बसतो आणि तोच खालच्या बर्फाला धरून ठेवतो. म्हणून या टायरांना चिखल, पाऊस, बर्फ यांचं वावडं नसतं. उन्हाळ्यात मात्र तेच टायर फार मऊ पडतात, भराभर झिजतात आणि थांबायलाही जास्त अंतर घेतात. तेव्हा स्वेटर आणि सुती साडी जशी ऋतूप्रमाणे, तसंच हे.

असा खास हिवाळी टायर सर्वांत आधी बनला तो फिनलंडमध्ये १९३४ साली, मालमोटारींसाठी. बनवणारा रबराचा कारखाना नोकिया या गावचा. आपल्या पहिल्या मोबाईलवरचं नाव आठवतं ना? तेच गाव!

"त्या दिवशी गाडी काढणार नाही"

जावयांचं हे म्हणणं कायद्याच्या दृष्टीने चुकीचं नाही, हे आधी कबूल करू. जर्मनीत हिवाळी टायर अमुक तारखेपासून लावलेच पाहिजेत, असा नियम नाही. २०१० पासूनचा नियम असा की रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, गोठलेलं पाणी किंवा दव असेल, तेव्हा हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही. चालवली तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. दुसऱ्याला अडथळा झाला तर दंड आणखी वाढतो. तेव्हा गाडी घरी उभी ठेवली तर कोणी काही म्हणणार नाही. एकट्या माणसाला हे खुशाल जमतं. म्युनिकला भुयारी रेल्वे आहे, ट्राम आहे, बस आहे.

पण भगिनी, बाळ काही हवामानाचा अंदाज बघून येत नाही! कळा पहाटे तीनला सुरू झाल्या आणि खिडकीबाहेर रस्ता पांढरा दिसला, तर त्या घटकेला "आज गाडी काढायची नाही" हे म्हणणं किती टिकेल? माणूस घाईत असतो, घाबरलेला असतो, गाडी दारात असते. काढतोच! खरा धोका तिथे आहे. जो कधी बर्फात गाडी चालवणारच नाही म्हणतो, तो नेमका सर्वांत वाईट रात्री, चुकीच्या टायरांवर, अवघडलेल्या बायकोला शेजारी बसवून पहिल्यांदा बर्फात उतरतो.

शिवाय बर्फ सकाळी पडलाच पाहिजे असं नाही. जावई कोरड्या रस्त्याने कामावर जातील आणि संध्याकाळी परतताना बर्फ लागेल. कोरड्या दिसणाऱ्या रस्त्यावरही पारदर्शक बर्फाचा पातळ थर असू शकतो. खालचा डांबरी रंग त्यातून दिसतो म्हणून त्याला काळा बर्फ म्हणतात. पुलावर, झाडांच्या सावलीत आणि नदीकाठी तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. आणि बर्फ सर्वांत निसरडा असतो तो शून्य अंशाच्या आसपास, वितळू लागल्यावर. कडक थंडीतला कोरडा बर्फ त्या मानाने बरा.

गणित करून बघू

जावई शिकलेले आहेत, त्यांना आकडे पटतील. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ब्रेक लागल्यावर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला साधारण १२-१३ मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर पकड चौथाईवर आली तर तेच अंतर ५० मीटरच्या घरात जातं. गुळगुळीत बर्फावर पकड आठव्या हिश्श्यावर आली तर जवळजवळ १०० मीटर. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते, ती वेगळीच!

या हिशेबात इंजिनाची ताकद कुठे आली? कुठेच नाही. यंत्रणेचंही तसंच. चाक घसरू लागलं की गाडीतली यंत्रणा जोर कमी करते, एखाद्या चाकाला ब्रेक लावते, गाडी सरळ ठेवायला मदत करते. फार उपयोगी आहे ती, बंद करू नये. पण टायरखाली जेवढी पकड आहे तेवढीच ती वाटू शकते, नवी आणू शकत नाही. डब्यात पीठच नसेल तर लाटणं कितीही चांगलं असून काय करायचं? "चारही चाकांना जोर" असलेल्या गाड्यांचंही हेच. सुटताना त्या छान सुटतात, पण थांबताना सगळ्या गाड्या सारख्याच, चार टायरांच्या भरवशावर.

आणखी एक हिशेब. वेग निम्मा केला तर थांबायचं अंतर निम्मं नाही, चौथाई होतं. ज्या बर्फावर ताशी ५० ला ५० मीटर लागतात, तिथे ताशी ३० ला १८ मीटर पुरतात. हिवाळी टायर बर्फाचा रस्ता करून देत नाहीत. ते फक्त थोडी जास्त पकड देतात. उरलेलं काम हळू जाण्याचं.

जोरदार गाडीचं म्हणून एक जुनं उदाहरण सांगते. १९६५ सालच्या माँटे कार्लो रॅलीत मोठं हिमवादळ झालं आणि बहुतेक गाड्या वाटेतच गळाल्या. पहिली आली ती सव्वा लिटर इंजिनाची इवलीशी मिनी कूपर, फिनलंडच्या टिमो मेकिनेनने चालवलेली. पण दुसरी कोण आली माहीत आहे? पोर्शे ९०४, म्हणजे सरळसरळ शर्यतीची, जमिनीलगतची गाडी! ती जर्मनीच्या ऑयगेन ब्योरिंगरने चालवली होती. म्हणजे वेगवान गाडी बर्फात चालतच नाही असं नाही. योग्य टायर आणि हलका हात असेल तर तीही शेवटपर्यंत जाते. जावयांना हे जरूर सांगा, गाडीची बाजू घेतल्यासारखं होईल आणि ते ऐकतील!

टायर घेताना

मुलीने हे कागदावर लिहून ठेवावं.

१. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह हवं. नुसतं "एम अँड एस" लिहिलेले टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी म्हणून चालत नाहीत.

२. चारही टायर हिवाळीच घ्यावेत. जोर मागच्या चाकांना आहे म्हणून मागचे दोनच बदलले, तर सुटायला बरं वाटेल, पण वळताना आणि थांबताना पुढची चाकं ऐकणार नाहीत.

३. गाडीच्या कागदपत्रांत चालत असेल तर हिवाळ्यासाठी थोडं लहान रिम आणि अरुंद टायर घ्यावा. रुंद टायर मऊ बर्फावर तरंगतो, अरुंद टायर त्यात रुतून खालचा घट्ट थर गाठतो. मात्र अशा गाड्यांचे ब्रेक मोठे असतात, लहान रिम त्यावर बसतं का हे आधी दुकानदाराकडून बघून घ्यावं.

४. हिवाळी टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असली तरी जर्मनीत चालते. पण तो आकडा लिहिलेली चिठ्ठी चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवावी लागते.

५. जुने टायर कोणी स्वस्तात देत असेल तर बाजूला चार आकडे बघा. ३५२२ म्हणजे २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलेला. खाचेची खोली बघायला दोन युरोचं नाणं खाचेत उभं घालावं. बाहेरची रुपेरी कड ४ मिलिमीटरची असते, ती पूर्ण बुडाली तर ठीक. कायदा १.६ मिलिमीटर म्हणतो, पण जाणकार हिवाळ्यासाठी ४ च्या खाली जाऊ नका म्हणतात. शेजारच्या ऑस्ट्रियात फिरायला गेलात तर हिवाळी टायरला ४ मिलिमीटर हे बंधनच आहे.

६. हवा दर महिन्याला तपासावी. थंडीत ती आपोआप उतरते, तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दशांश बार.

खर्चाचं म्हणाल तर रिमसकट संच घेतल्यास रक्कम मोठी वाटते खरी. पण हिवाळी टायर चालतात तेव्हा उन्हाळी टायर झिजत नाहीत, त्यांचं आयुष्य तेवढं लांबतं. दोन जोड चपला आलटून पालटून वापराव्या तसं. ठेवायला जागा नसेल तर तिथली गॅरेजं पैसे घेऊन टायर सांभाळतात. त्याला चक्क "टायरांचं हॉटेल" म्हणतात! तिकडची साधी रीत म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर.

चालवताना

अशा गाडीला बर्फात हाताळायचं ते दुधाचं भरलेलं पातेलं गॅसवरून उतरवतो तसं. सगळं सावकाश, कशालाही झटका नाही.

"स्पोर्ट" बटण दाबायचं नाही. बर्फाचं बटण असेल तर तेच लावावं. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये हळूच सोडावी. तीनशे घोड्यांना अॅक्सिलरेटरचा नुसता स्पर्श पुरतो, जास्त दिला की मागची चाकं जागीच फिरतात आणि गाडीचं शेपूट बाजूला जातं. पाय एकदम काढणंही तितकंच वाईट. इंजिनाचा अडसर मागच्या चाकांना बसतो आणि ती सुटतात. विजेच्या गाडीत तर पाय उचलताच ती स्वतःच ब्रेक लावते, तो जोर कमी ठेवावा.

पुढच्या गाडीपासून नेहमीच्या तिप्पट अंतर ठेवावं, वेग वळणाआधीच कमी करावा. अचानक थांबायचं झालं तर ब्रेक पूर्ण दाबून धरावा. पायाखाली थरथर लागेल, ती यंत्रणेची असते, घाबरून पाय उचलू नये. मागचं शेपूट सुटलं तर अॅक्सिलरेटर हळूच सोडून नजर जिथे जायचं तिथे ठेवावी आणि स्टिअरिंग तिकडे वळवावं. पुढची चाकं सरळच जाऊ लागली तर स्टिअरिंग आणखी पिळू नये, किंचित सैल करून वेग उतरू द्यावा. हे वाचून येत नाही, सवयीने येतं. मोकळ्या आवारात घसरणीचा सराव करून घेणारे वर्ग जर्मनीत मोटार क्लब चालवतात. जावयांना असा एक दिवस मिळाला तर त्यांना आवडेल आणि घरालाही लाभेल.

तुमचं काम

भगिनी, आता तुमच्याकडे काय येतं ते. मुलीने पट्टा लावायचाच. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर घट्ट, आणि तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने. जाड कोट पट्ट्याच्या आत नको.

बाळाला घरी आणताना तर हे विशेष लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं, थंडी आहे, चांगलं गुंडाळून घेऊ. पण फुगीर जाकीट घालून बाळाला गाडीतल्या खुर्चीत बसवलं की पट्टा सैल राहतो, धक्का बसला की जाकीट दबतं आणि बाळ पट्ट्यातून निसटू शकतं. पातळ कपडे, पट्टा घट्ट, आणि वरून पांघरूण. बाळाला मांडीवर घेऊन बसायचं नाही, आजीची मांडी कितीही उबदार असली तरी!

गाडीत एक घोंगडी, पाणी, थोडा खाऊ, विजेरी आणि लहान फावडं असू द्या. निघण्यापूर्वी टपावरचा, काचांवरचा आणि दिव्यांवरचा बर्फ पूर्ण झाडायचा. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, ती तडकते. आणि बर्फात गाडी अडकून उभी राहावी लागली, तर इंजिन चालू ठेवण्याआधी धूर निघणारी नळी मोकळी आहे ना ते बघायचंच. ती बर्फाने बुजली की विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो, माणसाला कळतही नाही.

ज्या मैत्रिणींचं परदेशी कोणी नाही, त्यांनीही पान उलटू नये. २०२० मध्ये अटल बोगदा झाल्यापासून मनालीपलीकडच्या बर्फात आपल्याकडची मंडळी सहज जाऊ लागली आहेत. पुण्याहून नेलेल्या गाडीचे टायर आपल्या हवेसाठीच असतात. बर्फ पडत असेल तर आपली गाडी खाली ठेवावी आणि साखळ्या असलेली स्थानिक गाडी, स्थानिक चालकासकट घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

बोलायचं कसं?

मुलीची बाजू घेऊन जावयांना चूक ठरवू नका. तो वाद नवरा-बायकोचा, त्यात आपण तिसऱ्या. एवढंच विचारा: "जानेवारीत रात्री बर्फ असेल आणि हिला न्यायचं झालं, तर आपण काय करायचं ठरवलंय?" या प्रश्नाची दोनच चांगली उत्तरं आहेत. एक, हिवाळी टायर. दुसरं, गाडी हिवाळाभर बंद, किल्ली कपाटात, टॅक्सीचा क्रमांक फ्रिजवर चिकटवलेला आणि अडचणीला ११२ ही रुग्णवाहिका. दुसरं उत्तर दिलं तरी मान्य करा, पण मग ते खरोखर पाळायचं. "तेव्हाचं तेव्हा बघू" हे मात्र उत्तर नव्हे.

आणि एक सुचवू? लग्नानंतरचा दिवाळसण परदेशामुळे राहिला असेल, तर अंगठीऐवजी यंदा टायरांचा संच द्या. दिवाळीही ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येते, टायर बदलायची वेळही तीच! सासूकडून अंगठी सगळ्याच जावयांना मिळते. आपल्या लाडक्या गाडीला सासूने चपला घेतल्या, हे जावई म्युनिकभर सांगत फिरतील.

बाळंतपण सुखरूप होवो. बाळ घरी आलं की कळवा.

तुमची,
ताई